मार्शलच्या मागावर: अर्ली ते टेम्पल चर्च

गुरुवार, हॅमस्टेड मार्शल

भाची राहते रेडिंगला लागून असलेल्या अर्ली नावाच्या उपनगरात. तिच्या गल्लीत मराठी, तेलुगू, पंजाबी असं सगळं ऐकू येतं. या गावाचं नाव मात्र मला तिच्याआधी एका आठशे वर्षांपूर्वीच्या माणसामुळे माहीत झालं होतं. जॉन ऑफ अर्ली हा विल्यम मार्शल नावाच्या सरदाराकडे पोरगेला असताना चाकरीला लागला आणि शेवटी त्याच्या मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्यांपैकी एक झाला. धनी गेल्यावर जॉनने आठवणी सांगितल्या, धन्याच्या थोरल्या मुलाने खर्च उचलला आणि एका कवीने जुन्या फ्रेंचमध्ये १९,२१४ ओळींचं चरित्रकाव्य रचलं. त्याची एकच हस्तलिखित प्रत उरली. १८६१ साली लंडनच्या एका लिलावात पॉल मेयर नावाच्या फ्रेंच अभ्यासकाच्या ती नजरेस पडली आणि लगेच हातची गेली. पुन्हा हाती लागायला वीस वर्षं गेली. राजा नाही, संत नाही, अशा मध्ययुगीन माणसाबद्दल एवढं तपशिलाने सांगणारं लिखाण फार विरळा.

"मावशी, म्हणजे चार दिवस आपण पडके किल्ले बघायचे?" भाचीने विचारलं. मी म्हटलं, "त्याची तर आपल्याला लहानपणापासून सवय आहे." तिने सुट्टी टाकली, मी दशम्या केल्या, आणि आज जवळच्याच हॅमस्टेड मार्शलपासून सुरुवात केली.

न्यूबरीच्या पश्चिमेला केनेट नदीकाठी हे खेडं आहे. मार्शल घराण्याचं मूळ गाव. नावातच घराणं आहे, पण घर म्हणावं असं काही उरलेलं नाही. झाडीत मातीचे उंचवटे आहेत, त्यांवर कधीकाळी लाकडी गढ्या होत्या. पुढे सतराव्या शतकात क्रेव्हन नावाच्या उमरावाने तिथे मोठा वाडा बांधला, तो १७१८ मध्ये जळाला. त्याच्या फाटकांचे दगडी खांब तेवढे गवतात जोडीजोडीने उभे आहेत. आत जायला घर नाही, पण दारं मुबलक.

विल्यमचा बाप जॉन मोठा अवली. राजाचे घोडे, तबेले आणि दरबारातली व्यवस्था बघण्याचं मार्शलपद त्याच्याकडे वडिलोपार्जित आलेलं. ११४१ मध्ये व्हेरवेलच्या मठात तो अडकला असताना शत्रूने आग लावली, छपराचं शिसं वितळून तोंडावर पडलं आणि एक डोळा गेला, तरी तो निसटला. पुढे सॅलिसबरीच्या पॅट्रिकशी चाललेलं भांडण मिटावं म्हणून त्याने पहिली बायको दूर करून पॅट्रिकची बहीण सिबिला हिच्याशी लग्न केलं. विल्यम या लग्नातला दुसरा आणि बापाचा एकूण चौथा मुलगा. जन्म ११४६-४७ च्या सुमाराचा. चौथ्या मुलाच्या वाट्याला जमीन येत नसे. घोडा आणि तलवार मिळाली तरी नशीब.

त्या काळी इंग्लंडच्या गादीसाठी राजा स्टीफन आणि सम्राज्ञी माटिल्डा यांच्यात यादवी चालली होती. ११५२ मध्ये स्टीफनने जॉनच्या न्यूबरीच्या किल्ल्याला वेढा घातला. तो किल्ला नेमका इथलाच की दुसरीकडचा, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. जॉनने मुदत मागितली आणि पाच-सहा वर्षांचा विल्यम ओलीस दिला. मग मुदतीत शरण यायचं सोडून त्याने किल्ल्यात धान्य आणि माणसं भरली. पोराला फाशी देऊ, असा निरोप आला. त्यावर बापाचं उत्तर काव्यात आहे: याच्याहून चांगले मुलगे घडवायला लागणारे ऐरण आणि हातोडे अजून माझ्याकडे आहेत. स्टीफनच्याने पोराला लटकवणं झालं नाही. पुढे तंबूत तो आणि राजा गवताच्या काड्यांचे शिलेदार करून खेळत बसले, असंही काव्य सांगतं. इंग्रजी पुस्तकांत हे बापाचं उत्तर मोठ्या खुशीत दिलेलं असतं. मला ते वाचताना दर वेळी सिबिला आठवते. ऐरण कोण, हे तिला कळलं असणारच.

शुक्रवार, चेपस्टो

सकाळी लवकर निघून सेव्हर्न नदीवरचा जुना झुलता पूल ओलांडला की वेल्स लागतं आणि लगेच चेपस्टो. वाय नदीच्या चुनखडीच्या कड्यावर हा किल्ला लांबच्या लांब पसरलेला आहे. खाली नदीला भरती-ओहोटीचा जबरदस्त खेळ. आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती, पात्राच्या दोन्ही कडांना चिखल चमकत होता. किल्ल्याचं काम १०६७ मध्ये, नॉर्मन लोक इंग्लंडात उतरल्यावर वर्षभरात सुरू झालं. विल्यमच्या हाती तो आला ११८९ मध्ये, आणि कमावून नाही, लग्नात.

मधली वर्षं थोडक्यात सांगते. आईचा नातेवाईक असलेल्या टँकरव्हिलच्या सरदाराकडे, नॉर्मंडीत, तो शिलेदारी शिकला. ११६८ मध्ये मामा पॅट्रिक पॉइतूमध्ये दगाफटक्याने मारला गेला, विल्यम मांडीत जखम घेऊन कैद झाला आणि राणी एलिनॉरने खंडणी भरून त्याला सोडवलं. मग तो तिच्या मुलाच्या, युवराज हेन्रीच्या पदरी राहिला. टूर्नामेंट म्हणजे तेव्हा मैदानातले दोन घोडेस्वार नव्हेत. कित्येक मैल रानोमाळ चालणारी ती जवळजवळ लढाईच असे. हरलेल्याचा घोडा, चिलखत आणि खंडणी जिंकणाऱ्याची. विल्यमने एका सोबत्याशी भागीदारी केली आणि दोघांनी दहा महिन्यांत १०३ शिलेदार पकडले. हिशेब कारकुनाने ठेवलेला! पराक्रमाच्या गोष्टींमागे रोखीचा व्यवहार किती होता, ते या एका आकड्यात कळतं. ११८३ मध्ये युवराज मेला. त्याने घेतलेला यात्रेचा क्रूस विल्यम जेरुसलेमला पोचवून आला. ११८९ मध्ये रिचर्डचा बाप, म्हातारा राजा दुसरा हेन्री, याच्या बाजूने लढताना त्याने बंडखोर राजपुत्र रिचर्डला गाठलं आणि भाला रिचर्डच्या नव्हे, त्याच्या घोड्याच्या छातीत घातला. महिनाभरात तोच रिचर्ड राजा झाला. त्याने राग धरला नाही, उलट बापाने कबूल केलेली वधू विल्यमला दिली.

ती वधू म्हणजे इझाबेल द क्लेअर. वय सतरा-अठराच्या आसपास, नवरा त्रेचाळीसच्या घरातला. बाप रिचर्ड द क्लेअर, 'स्ट्राँगबो' या नावाने प्रसिद्ध. आई ईफा, आयर्लंडमधल्या लेन्स्टरच्या राजाची मुलगी. बाप आणि पाठचा भाऊ दोघेही गेल्यावर चेपस्टो, वेल्समधल्या जमिनी आणि आयर्लंडातला लेन्स्टर प्रांत, या सगळ्याची ती एकटी वारस. अशा मुलीचं लग्न राजाच्या मुठीत असे. ती लंडनच्या टॉवरमध्ये राजाच्या ताब्यात होती, तिथून तिला बाहेर काढून लंडनमध्येच लग्न लागलं. चौथा मुलगा एका दिवसात इंग्लंडातल्या बड्या जमीनदारांत जमा झाला.

त्यानंतर विल्यमने इथे नवीन दरवाजा-बुरूज बांधला. त्या दरवाजाची मूळ लाकडी कवाडं अजून शाबूत आहेत. १९६२ पर्यंत ती जागेवरच टांगलेली होती, आता आत ठेवली आहेत. लाकडाच्या वलयांवरून त्यांचं वय काढलं तेव्हा ती ११९० च्या आधीची निघाली. युरोपातल्या किल्ल्यांची सर्वांत जुनी दारं म्हणून ती दाखवतात. बाहेरून लोखंडी पत्रे ठोकलेले, आतून लाकडाची जाळी. मी त्यांच्यासमोर बराच वेळ उभी होते. भाची तोवर कड्यावर काढलेले शौचकूप बघून आली आणि "थेट नदीत!" असा अहवाल दिला.

याच किल्ल्यात डिसेंबर १२४५ मध्ये विल्यम-इझाबेलचा पाचवा आणि शेवटचा मुलगा अॅन्सेल्म मेला. त्याबद्दल पेम्ब्रोकला.

शनिवार, टिंटर्न

चेपस्टोहून वायच्या काठाने पाचसहा मैलांवर टिंटर्नचा मठ. छप्पर नाही, फरशी नाही, हिरवळीवर उभ्या उंच कमानी आणि खिडक्यांच्या नुसत्या चौकटी. ढग होते, मधूनच ऊन यायचं. फोटो काढणारे पुष्कळ, आम्हीही त्यांतलेच.

११३१ मध्ये हा मठ क्लेअर घराण्यातल्या वॉल्टरने सिस्टर्शियन साधूंसाठी स्थापला. म्हणजे हेही इझाबेलच्या माहेरचंच. १२२० मध्ये, नवऱ्यामागे वर्षभरातच ती गेली आणि इथे पुरली गेली. तिचे धाकटे दोन मुलगे, वॉल्टर आणि अॅन्सेल्म, इथेच आहेत. आणि थोरली मुलगी महेल्टही. १२४८ मध्ये महेल्टला इथे आणलं तेव्हा तिरडीला तिच्याच चार मुलांचे खांदे होते, तिघे पहिल्या नवऱ्याचे आणि एक दुसऱ्याचा. नवरे दोन्ही अर्ल, म्हणजे बडे उमराव, पण ती आली आईजवळ.

आज दिसतं ते मोठं चर्च मात्र इझाबेलने पाहिलेलं नाही. ते १२६९ पासून पुढे तीसेक वर्षं बांधलं गेलं, आणि पैसा दिला रॉजर बिगॉडने. हा रॉजर महेल्टचा नातू. चेपस्टोचा भलाथोरला कोपऱ्यातला बुरूजही त्याचाच. विल्यमचं मार्शलपदसुद्धा महेल्टमार्फत बिगॉडांच्या घरात गेलं. इतिहासाच्या पाट्यांवर हे सगळं 'नॉरफोकचा अर्ल' या नावाने लिहिलेलं असतं, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं कोणी तिऱ्हाईत येऊन बांधून गेला. नातं मध्ये महेल्ट घातल्याशिवाय जुळत नाही.

दुपारी दशम्या-चटणी संपवून पश्चिमेकडे निघालो. पेम्ब्रोकपर्यंत अडीच तासांचा रस्ता, शेवटी शेवटी कंटाळवाणा. मुक्काम गावातच.

रविवार, पेम्ब्रोक

त्या काळच्या माणसालाही पेम्ब्रोक ही आडबाजू वाटली असती. आज तर ती आहेच. पण आयर्लंडकडे जहाजं सोडायला हीच जागा सोयीची होती. स्ट्राँगबोच्या घराण्याकडे पेम्ब्रोकचं अर्लपद होतं, राजाने ते अडवून धरलं होतं. ११९९ मध्ये जॉन राजा झाला, त्याने ते विल्यमला दिलं. पुन्हा बायकोच्या नावावरचंच.

किल्ल्याच्या तिन्ही बाजूंनी पाणी आहे. आत शिरलं की डोळ्यांत भरतो तो विल्यमचा गोल बुरूज. सुमारे ८० फूट उंच, पायाशी भिंत १९ फुटांच्या आसपास जाड, आणि वर दगडी घुमट. मजल्यांची लाकडं कधीच गेली आहेत, त्यामुळे तळाशी उभं राहून वर बघितलं की घुमटापर्यंत नजर सरळ जाते. अरुंद गोल जिना चढताना माझे गुडघे बोलले, पण वरून खाडी आणि गाव नीट दिसतं. खाली डोंगराच्या पोटात वोगन नावाची मोठी गुहा आहे, किल्ल्यातून जिन्याने तिच्यात उतरता येतं. १४५७ मध्ये सातवा हेन्री याच किल्ल्यात जन्मला, आणि बहुतेक पर्यटक त्याच्यासाठीच येतात. आम्ही त्याला दुरून रामराम केला.

इझाबेल नुसती नावापुरती मालकीण नव्हती. १२०७ मध्ये दोघं लेन्स्टरला असताना जॉन राजाने विल्यमला परत बोलावलं. राजाच्या मनात काळंबेरं आहे हे उघड होतं, दोन मुलगे आधीच त्याच्याकडे ओलीस होते. स्वतःच्या बापाने जे केलं, तेच विल्यमला नाइलाजाने करावं लागलं, हे वाचताना चुटपुट लागते. किल्केनीला आपल्या सरदारांसमोर त्याने गरोदर इझाबेलचा हात धरून सांगितलं, ही तुमच्या धन्याची मुलगी, इथलं माझं जे आहे ते तिच्यामुळे आहे, तिला सांभाळा. तो गेल्यावर राजाच्या माणसांनी किल्केनीला वेढा घातला. तिने तटावरून एक माणूस दोराने खाली सोडला आणि मदत मागवली. मदतीला आला तो अर्लीचा जॉन.

तर मुलं. पाच मुलगे, पाच मुली, आणि त्या काळी दहाही जण मोठे होऊन लग्नाच्या वयापर्यंत पोचले, हेच नवल. मुलींची लग्नं विल्यमने हिशेबाने केली: महेल्ट बिगॉडांत, इझाबेल क्लेअरांत, सिबिल फेरर्सांत, ईव्हा ब्रिओझांत. सर्वांत धाकटी जोन बाप गेला तेव्हा लग्नाची राहिली होती. मुलग्यांचं असं झालं. थोरला विल्यम, राजाच्या बहिणीचा नवरा, १२३१ मध्ये अचानक गेला. रिचर्डने राजाविरुद्ध बंड केलं आणि आयर्लंडात कुराखच्या मैदानावर जखमी होऊन १२३४ मध्ये किल्केनीला मेला. गिल्बर्टला चर्चच्या सेवेत घातलं होतं, तो अर्ल झाला आणि आपणही शिलेदार आहोत हे दाखवायला टूर्नामेंटमध्ये उतरला. १२४१ मध्ये घोडा उधळला, लगाम तुटला, त्यातच तो गेला. ज्या खेळावर बापाने आयुष्य उभारलं, त्यात मुलगा संपला. वॉल्टर नोव्हेंबर १२४५ मध्ये गुडरिचला, आणि महिनाभरात अॅन्सेल्म चेपस्टोला. पाचांपैकी एकालाही औरस मूल नाही. बापामागे सव्वीस वर्षांत घराणं पुरुषांच्या बाजूने संपलं.

मॅथ्यू पॅरिस या बखरकार साधूने याचं कारण दिलं आहे: फर्न्सच्या बिशपच्या दोन जमिनी विल्यमने आयर्लंडात बळकावल्या, बिशपने शाप दिला की एका पिढीत नाव पुसलं जाईल. शाप तंतोतंत खरा ठरला, कारण तो सगळे मेल्यावर लिहिला गेला. जमिनीचा वाद मात्र खरा होता.

मग सगळ्याच्या पाच वाटण्या झाल्या, बहिणींच्या नाहीतर त्यांच्या मुलांच्या नावे. लेन्स्टरमध्ये कार्लो महेल्टला, किल्केनी इझाबेलच्या मुलाला, वेक्सफर्ड जोनच्या वारसांना, किल्डेअर सिबिलच्या मुलींना (त्या सात होत्या, वाटणीची वाटणी झाली), लीश ईव्हाच्या वंशाला. पेम्ब्रोक जोनच्या मुलीला मिळालं, तिचा नवरा विल्यम द व्हॅलन्स हा राजाचा सावत्र भाऊ. किल्ल्याचा बाहेरचा तट त्याने वाढवला, म्हणजे तोही जावईच. आणि मार्शलची दुसरी मुलगी इझाबेल, तिचा पणतू रॉबर्ट ब्रूस स्कॉटलंडचा राजा झाला.

रात्री उशिरा अर्लीला परत. गाडी जावयांनीच चालवली, आम्ही दोघी मागे झोपलो.

सोमवार, केव्हरशॅम आणि रेडिंग

आज घरापासून दहा-पंधरा मिनिटांवर. केव्हरशॅम थेम्सच्या पलीकडच्या काठावर आहे. बदकं, होड्या, बाकांवर म्हातारी जोडपी. विल्यमचा वाडा उभा नाही, पण काव्यातले सर्वांत जिवंत प्रसंग इथले आहेत.

१२१६ मध्ये जॉन राजा मेला तेव्हा अर्धा देश फ्रेंच राजपुत्र लुईच्या बाजूला होता आणि वारस हेन्री नऊ वर्षांचा. ग्लूस्टरला घाईने राज्याभिषेक झाला आणि कारभार सत्तरीच्या विल्यमकडे आला. त्याने मॅग्ना कार्टा पुन्हा जारी केला, बंडखोरांना परतीची वाट मोकळी ठेवली, आणि मे १२१७ मध्ये लिंकनच्या लढाईत स्वतः उतरला. इतका उतावीळ, की शिरस्त्राण घालायलाच विसरला. पोऱ्याने आठवण करून दिली.

१२१९ च्या सुरुवातीला तो आजारी पडला. मरायचं तर आपल्या घरी, म्हणून लंडनहून होडीतून थेम्सने वर केव्हरशॅमला आला, दुसऱ्या होडीत इझाबेल. बालराजाला पोपच्या प्रतिनिधीच्या हवाली केलं. मग मृत्युपत्र. धाकट्या अॅन्सेल्मला तो काही देणार नव्हता, मी कमावलं तसं त्यानेही कमवावं म्हणाला. अर्लीच्या जॉनने रदबदली केली, तेव्हा लेन्स्टरमधली वर्षाला १४० पौंडांची जमीन मिळाली. कारकून म्हणाला, घरात ८० उंची झगे आहेत, ते विकून आत्म्यासाठी दान करा. विल्यम भडकला. पेंटेकॉस्टच्या सणाला माझे शिलेदार माझ्याकडून नवे कपडे घेतात, ते आधी. टूर्नामेंटमध्ये लुटलेलं परत करायला सांगितलं तर म्हणाला, पाचशे शिलेदार पकडले, आता ते कुठून परत देऊ?

एक दिवस त्याला गावंसं वाटलं, पण स्वतःचीच लाज वाटली. मुलींना बोलावलं. महेल्टने रडू आवरून गाणं म्हटलं. जोन लाजली, आवाज लागेना. तेव्हा बापाने ते कसं म्हणायचं हे तिला दाखवलं. लिंकनच्या लढाईपेक्षा मला हा माणूस इथे जास्त पटतो.

शेवटी त्याने टेम्पलर, म्हणजे शस्त्र धरणारा साधू, होण्याचा जुना नवस पुरा केला. वर्षभर आधी गुपचूप शिवून घेतलेला पांढरा झगा बाहेर काढला. टेम्पलरला बाईचा स्पर्श वर्ज्य, म्हणून आधी इझाबेलला जवळ बोलावून शेवटचं चुंबन घ्यायला सांगितलं. दोघंही रडली. १४ मेला तो गेला.

शव आधी रेडिंगच्या मठात नेलं. आता तिथे गारगोटीच्या ओबडधोबड भिंती आहेत आणि शेजारी फोर्बरी बाग. बागेतला भलामोठा लोखंडी सिंह १८८० च्या अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत मेलेल्या बर्कशायरच्या सैनिकांसाठी. त्याच लढाईत मुंबई फौजेच्या पलटणीही होत्या, त्यांचे वारस कोकणात-देशावर कुठेकुठे असतील. भाचीला हे नवीन होतं. या सिंहासमोर ती रोज डबा खाते.

मंगळवार, लंडन, टेम्पल चर्च

फ्लीट स्ट्रीटवरच्या एका बोळातून आत गेलं की गजबज थांबते. काळे झगे घातलेले वकील, हिरवळ, आणि मध्ये गोल चर्च. जेरुसलेममधल्या येशूच्या थडग्यावरच्या चर्चच्या धर्तीवर टेम्पलरांनी बांधलेलं, ११८५ मध्ये जेरुसलेमच्याच धर्मगुरूने पावन केलेलं. आता ते इनर टेम्पल आणि मिडल टेम्पल या वकिलांच्या दोन संस्थांचं. गांधीजी इनर टेम्पलचे बॅरिस्टर, त्यामुळे हे बोळ त्यांच्याही पायाखालचे.

गोलाच्या भिंतीवर चेहऱ्यांची रांग आहे, कोणी दात विचकतंय, कोणी कळवळतंय. जमिनीवर शिलेदारांच्या दगडी मूर्ती आडव्या. त्यांतली एक विल्यमची मानतात, शेजारच्या दोन त्याच्या मुलांच्या, विल्यम आणि गिल्बर्ट. साखळीचं चिलखत, ढाल, तलवार. १० मे १९४१ च्या रात्री जर्मन बॉम्बनी छप्पर पेटलं, जळते वासे यांच्यावर पडले. नाकं आणि पाय गेले आहेत, जोडकाम दिसतं. मॅथ्यू पॅरिसच्या कथेत बिशप बालराजाला घेऊन याच थडग्यापाशी आला आणि मुलग्यांनी जमिनी परत करायला नकार दिला.

सगळ्या मूर्ती पुरुषांच्या. इझाबेल टिंटर्नला, रिचर्ड किल्केनीला, बाकीच्या मुली इकडेतिकडे विखुरलेल्या. भाचीने फोनवर नकाशा उघडला आणि डब्लिनपासून किल्केनी किती लांब ते बघायला लागली. लेन्स्टरच्या किनाऱ्यावर विल्यमने बांधलेला हूकचा दीपस्तंभ आहे, तो अजून चालू आहे. आणि आयर्लंडात दुसरा एक टिंटर्न आहे, समुद्रात वादळात सापडल्यावर केलेल्या नवसाचा. इझाबेलचं आजोळ अख्खं तिकडेच. माझ्या व्हिसावर आयर्लंड चालतं का, ते आधी बघायला हवं. नाहीतर पुढच्या वर्षी नव्याने अर्ज.